नंबर बँकेचाच दिसत होता, मग फोन खोटा कसा?

तुमच्या आईंना बँकेच्या नावाने फोन आला, स्क्रीनवर नंबरही बँकेचाच दिसला, समोरच्याने पूर्ण नाव आणि कार्डाचे पहिले आकडे बरोबर सांगितले. ओटीपी मागितल्यावर आईंना शंका आली आणि त्यांनी तो दिला नाही. आता नंबर ब्लॉक केला की झालं का, असं तुम्ही विचारलंय.

ब्लॉक मुळीच करू नका. तो नंबर खरोखर बँकेचा असेल तर उद्या बँकेचाच फोन अडेल. स्क्रीनवरचा नंबर म्हणजे पाकिटावर लिहिलेलं पाठवणाऱ्याचं नाव. लिहिणारा हवं ते लिहितो. इंटरनेटवरून फोन लावणाऱ्या अनेक यंत्रणांमध्ये हा नंबर फोन करणाराच भरतो आणि मधल्या सगळ्याच कंपन्या तो पडताळत नाहीत.

कार्डाच्या आकड्यांचं म्हणाल तर पहिले ६ ते ८ आकडे कार्ड देणाऱ्या संस्थेचे असतात, आपले नसतात. व्हिसाचं कार्ड तर ४ नेच सुरू होतं. एका बँकेच्या हजारो ग्राहकांना तेच आकडे ऐकवता येतात. नाव-पत्ता-जन्मतारीख तर गळलेल्या याद्यांमध्ये मिळते. त्यामुळे ‘याला एवढं माहीत आहे म्हणजे हा खरा’ असं मानणं सोडून द्या.

आमच्या घरात एकच नियम आहे: आलेल्या फोनवर पैशाचं बोलायचं नाही. फोन ठेवायचा आणि कार्डामागे छापलेला नंबर स्वतः दाबून लावायचा. नेटवर शोधून नको, तिथे खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर पेरलेले असतात. लँडलाइनवर फोन आला असेल तर उलट फोन मोबाइलवरून करा. काही ठिकाणी समोरच्याने ठेवल्याशिवाय लाइन तुटतच नाही.

खरी अडचण फोन ठेवण्याचीच असते. बोलणाऱ्याचं बोलणं तोडणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं आणि जुन्या पिढीला तर फारच. म्हणून आईंना एक वाक्य पाठ करून ठेवू द्या: ‘घरच्यांना विचारून मीच फोन करते.’ खऱ्या कर्मचाऱ्याची त्याला हरकत नसते. ‘फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका’ असं कानावर आलं की ओळखायचं. हे सगळं माहीत असूनही मी स्वतः एकदा पार्सलच्या बनावट चौकशीत वीस मिनिटं ‘हो सर, हो सर’ करत बसलो होतो. वाचलो ते बॅटरी संपल्यामुळे. घाबरलेल्या माणसाची अक्कल चालत नाही, मग शिक्षण कितीही असो.

ओळखीचा आवाजही आता पुरावा राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये मांडलेलं वॉल-ई (VALL-E) हे एआय मॉडेल तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करू शकत होतं. ‘आई, मी अडकलोय, पैसे पाठव’ असा फोन आला तर विचारण्यासाठी घरात एक खुणेचा शब्द ठरवा. समाजमाध्यमांवर सापडेल असा शब्द नको, कुत्र्याचं नाव तर नकोच.

मोबाइलची रेंज अचानक जाऊन तासभर आलीच नाही, तर कुणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा. २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातंही त्यांच्या फोन नंबरचा ताबा मिळवूनच पळवलं होतं. म्हणून जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच लॉगिनचा कोड तयार करणारं ॲप) वापरा.

कुणी ‘हा कोड डायल करा’ म्हटलं तर करू नका. *२१* ने सुरू होणारा कोड आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवू शकतो. आईंच्या फोनवर *#२१# दाबून बघा, बहुतेक मोबाइल नेटवर्कवर कॉल वळवलेत का ते कळतं. वळवलेले असतील तर ##००२# ने सगळे बंद होतात.

एक राहिलंच. ओटीपी दिला नाही, हे उत्तम. पण बोलता बोलता त्याने एखादं ‘मदतीचं’ ॲप टाकायला लावलं होतं का? त्या ॲपमधून आईंची स्क्रीन त्याला दिसत असेल तर ओटीपी विचारावाच लागत नाही, आलेला मेसेज तो स्वतः वाचतो. टाकलं असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, मग ॲप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आईंना आजच विचारा, आणि रागावून विचारू नका, नाहीतर त्या सांगायच्या नाहीत.