घरात खोकतं कोण?

प्रिय डॉक्टर,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. तीन वर्षांची मुलगी, तीन आठवडे ताप, वजन घटलेलं, छातीच्या फोटोत गाठींची शंका, मॉन्टू (टीबीसाठीची त्वचेची चाचणी) १२ मिमी आणि जठरातून नळीने काढलेल्या पाण्याचं सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह. 'सर, काय धरू?' अगं, एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये घरात खोकतं कोण, याचा उल्लेखच नाही!

पाणी अकराला काढलं, दूध-बिस्किटानंतर, हे तूच लिहिलंयस. या वयाची मुलं बेडका गिळतात, रात्रीतून तो जठरात साठतो, म्हणून पहाटे, उपाशीपोटी, अंथरुणातून उठायच्या आत नळी घालायची असते. तसं काढलं तरी मुलांत जंतू मुळात थोडे. निगेटिव्हवर टीबी पुसून टाकता येत नाही.

म्हणून म्हणतो, खोकतं कोण ते विचार. 'घरात कुणाला टीबी आहे का?' असं विचारायचं नाही. सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगणार? मी तसंच विचारलं होतं, दोन वर्षांच्या एका मुलाच्या आईला. 'नाही' म्हणाली. तेव्हा टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासायचं खूळ होतं (२०१२ साली सरकारने त्या किटवर बंदी घातली, उशिरा का होईना). तो रिपोर्टही निगेटिव्ह आला आणि मी निर्धास्त झालो. महिन्याभराने पोर झटके देत आलं. टीबीचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी. जगलं, पण परत चाललं नाही. आजोबा ओट्यावर बसून खोकायचे, नातू दिवसभर त्यांच्या मांडीवर. घरचे त्याला 'तंबाखूचा खोकला' म्हणत.

तेव्हापासून मी तीनतीनदा विचारतो. आईला, आजीला, मग भाडेकरू, शेजारीण, आजारी पडून गावी परतलेला काका. वॉर्डात हसतात मला. 'सर उगाच एकेटी (टीबीची औषधं) सुरू करतात' असंही कानावर येतं. एकदोनदा चुकलो असेन. पण त्या चुकांनी माझी झोप उडालेली नाही. ओट्यावरच्या आजोबांनी उडवली आहे. तरी तू नुसत्या वजनावर औषध सुरू करू नकोस, आधी पोरगी खाते काय ते बघ.

खोकणारा सापडला, तर तुझी १२ मिमी आणि तो धूसर फोटो दोन्हींना वजन येईल. शिवाय पोरीच्या जंतूवर रिफाम्पिसिन, टीबीचं मुख्य औषध, चालेल का, याचा अंदाज बहुधा त्याच्याच थुंकीतून मिळेल.

उद्या सासू चहाला गेली की आईजवळ बस. आणि परवा पहाटे नळी तू स्वतः घाल, सिस्टरवर सोडू नकोस.

तुझा,
सर