‘ओपेरादा’ ऐकलंस की

प्रिय,

फोनवर घाईत होते, म्हणून आता लिहिते. तुरुंगातून सुटून आलेल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, आयांसोबत तू लॉस एंजेलिसमध्ये काम करणार, स्पॅनिशही बरी जमते म्हणतेस. मग एक शब्द आत्ताच कानात ठेव: ‘ओपेरादा’. आपल्याकडे बायका ‘माझं ऑपरेशन झालंय’ एवढंच म्हणतात आणि मूल बंद करायचं, हे समोरचीला कळतं, तसंच हे. दुसरा शब्द ‘आमार्रार’, म्हणजे बांधणं, इथे गर्भनलिका बांधणं. बांधलेलं सोडता येतं, असं कुणालाही वाटणारच. याच शहरातल्या सरकारी काउंटी इस्पितळात नीट संमती न घेता आपली नसबंदी केली, म्हणून मेक्सिकन वंशाच्या दहा जणींनी १९७५ साली दावा लावला. त्यातल्या काहींना तसंच वाटलं होतं. काहींच्या सह्या ऐन कळांमध्ये, इंग्रजी कागदावर घेतलेल्या. १९७८ साली त्या हरल्या. न्यायाधीशांना त्यात संवादातला घोटाळा दिसला. मला हा शब्द वाचून अजून संताप येतो.

पुढे तेच तुरुंगात झालं. २००५-०६ ते २०१२-१३ या वर्षांत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतल्या १४४ कैदी बायकांची नसबंदी झाली. त्यातल्या ३९ जणींच्या संमतीत गडबड होती, कुठे डॉक्टरची सही नाही, कुठे थांबायची मुदत पाळलेली नाही, असं राज्याच्याच लेखापरीक्षणात निघालं. २०१४ मध्ये त्यावर कायद्याने बंदी आली. पण समज, उरलेल्या सगळ्यांचे कागद चोख होते. ज्याच्या हातात तुझ्या कोठडीची किल्ली आहे, फोनची पाळी आहे, मुलांची भेट आहे, त्याच्यापुढे दिलेल्या होकाराला काय किंमत? पहारेकऱ्याने कैद्याशी शरीरसंबंध ठेवले तर ‘तिची संमती होती’ हा बचाव केंद्रीय कायद्यात चालत नाही, तो याचमुळे. तरी कॅलिफोर्नियातल्याच डब्लिन गावच्या केंद्रीय महिला तुरुंगात २०२२ साली खुद्द तुरुंगाधिकारीच लैंगिक अत्याचारासाठी दोषी ठरला. २०२४ मध्ये तो तुरुंग बंद झाला आणि १०३ बायकांना मिळून सुमारे ११.६ कोटी डॉलर द्यायचं सरकारने मान्य केलं. तुझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींनी तक्रार केलेली नसेल. हद्दपारीची भीती असली की बाई तोंड उघडत नाही.

सुरुवातीला माझं स्पॅनिश कच्चं होतं. एकीच्या अकरा वर्षांच्या मुलीलाच मी दुभाषी केलं. ‘आत कुणी त्रास दिला का?’ असं त्या पोरीने आईला विचारलं. आईने तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. वेणी झाली, रबर लावलं, दोघी उठल्या आणि गेल्या. परत आल्या नाहीत. तू असं करू नकोस.

अत्याचाराचं आधी विचारूच नकोस. आधी मुलांचं विचार. ती कुणाकडे आहेत, शेवटची भेट कधी झाली. १९९७ च्या कायद्याने मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीत राहिलं, तर आईचा हक्क संपवायचा अर्ज कोर्टात जातो. मूल आजी-मावशीकडे असेल तर सवलत मिळू शकते. दोन वर्षांची शिक्षा म्हणजे काय, ते तूच मोज. शिकागोत १९९४ साली काळ्या बायकांनी प्रजनन न्याय हा शब्द घडवला, तेव्हा मूल नको म्हणण्याच्या हक्काशेजारी मूल होऊ देण्याचा आणि झालेलं वाढवण्याचा हक्कही मांडला. तुझ्या बायकांचं बहुतेक भांडण या शेवटच्या दोन हक्कांसाठी असेल.

आणि हो, संमतीपत्र तुझ्याही हातात असणार. तिच्या भाषेत मोठ्याने वाच, घरी नेऊ दे, त्याच दिवशी सही मागू नकोस. वरिष्ठ कटकट करतील, करू देत.

सोमवारी पहिली भेट ना? तिची खुर्ची अशी ठेव की तिला दार दिसेल. दार लावायचं की नाही, तिला विचार.

तुझी,
ताई