क्लॅरिनेट शिकणाऱ्या मुलीला विंड बँडच्या महोत्सवात दुसरी वाद्यं वाजवून पाहू द्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की लेक ११ वर्षांची आहे, दोन वर्षं क्लॅरिनेट शिकते आहे आणि पहिल्यांदाच आपल्या विंड बँडबरोबर, म्हणजे मुख्यतः फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बँडबरोबर, महोत्सवाला निघाली आहे. तिथे एका दालनात मुलांना हवं ते वाद्य हातात घेऊन फुंकून बघता येतं. तुम्हाला काळजी दोन गोष्टींची वाटते. सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवलं तर तिच्या ओठांची ठेवण बिघडेल का, आणि क्लॅरिनेटवरून तिचं मन उडेल का?

वाजवू द्या. मी बरीच वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं आणि नंतर लहान मुलांच्या क्लॅरिनेटच्या रांगेची तयारी करून घेत आले. मुलांना घेऊन अशा महोत्सवांनाही गेले. मला नेहमी दिसलं ते तुमच्या भीतीच्या उलट आहे. आपलं क्लॅरिनेट असं का वागतं, हे मुलांना दुसरं वाद्य फुंकल्यावरच कळतं.

हे नीट सांगते, कारण सगळं इथेच आहे. डाव्या अंगठ्याखालची रजिस्टरची कळ दाबली की सूर वर उडी मारतो, हे तुमच्या लेकीला पाठ झालं असेल. पण किती वर? सॅक्सोफोनवर बोटं तशीच ठेवून ती कळ दाबली तर सा चा वरचा सा होतो. क्लॅरिनेटवर सा चा थेट तार सप्तकातला पंचम होतो. क्लॅरिनेटची नळी आतून वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच जाडीची असते आणि रीडच्या, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या थरथरणाऱ्या पातळ पट्टीच्या, बाजूने ती बंद असल्यासारखी वागते. अशा नळीत मूळ सुराच्या एक, तीन, पाच पट असे विषम स्वरांशच (मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर) जोरात उमटतात, म्हणून सप्तकाची पायरी ओलांडून सूर पुढे जातो. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, त्यामुळे तिच्यात सगळे स्वरांश मिळतात आणि वरचा सा सरळ सापडतो. फ्लूटची नळी सारख्या जाडीची असली तरी तिची दोन्ही टोकं उघडी असतात, म्हणून तिथेही सप्तकच मिळतं.

यामुळे क्लॅरिनेटवाल्या मुलांना खालच्या आणि वरच्या भागासाठी बोटांच्या दोन वेगळ्या मांडण्या शिकाव्या लागतात. मधे चार-पाच बारीक, पोकळ सूर, त्यांना गळ्याचे सूर म्हणतात, आणि त्यांच्यापुढे खालचा भाग वरच्याला जोडणारा तो प्रसिद्ध सांधा. पाश्चात्त्य स्वरांतल्या ‘ए’ला जेमतेम एखादं बोट लागतं आणि लगेच पुढच्या ‘बी’ला सगळी बोटं एकदम बसवावी लागतात. एक भोक जरा उघडं राहिलं की सूर चिरकतो. दोन वर्षं शिकलेल्या मुली नेमक्या इथे अडकतात आणि ‘माझी बोटंच वाईट आहेत’ असं मनात धरून बसतात. त्याच मुलीने दहा मिनिटं सॅक्सोफोन हातात घेतला आणि ती खालून वर घसरल्यासारखी गेली, की तिचा चेहरा बघा. दोष बोटांचा नव्हता, तो त्या नळीचा स्वभाव होता. मी पन्नासदा समजावून जे झालं नाही ते एका दुपारी त्या दालनात झालेलं मी पाहिलं आहे. घरी परतल्यावर सांध्याचा सराव ती वेगळ्या मनाने करते. स्वतःवर रागावून वाजवणं थांबतं.

सॅक्सोफोन तिला लवकर जमेल याला आणखी एक कारण आहे. क्लॅरिनेटच्या वरच्या भागातली बोटं सॅक्सोफोनशी बरीच जुळतात. डाव्या हाताची तीन बोटं म्हणजे ‘जी’, दोन्ही हातांची सहा म्हणजे ‘डी’. एखादी सोपी धून तिला तिथल्या तिथे वाजवता येईल. या जवळिकीचा इतिहासही सांगावासा वाटतो. सॅक्सोफोन बनवणारा अडॉल्फ साक्स हा मुळात क्लॅरिनेटवाला. त्याने १८३८ मध्ये सुधारलेल्या बास क्लॅरिनेटचं, म्हणजे खर्जाच्या मोठ्या क्लॅरिनेटचं, पेटंट घेतलं तेव्हा तो पंचविशीतही पोहोचला नव्हता. सॅक्सोफोनचं पेटंट आलं ते १८४६ मध्ये. म्हणजे शेजारच्या वाद्यात डोकावण्याची खोड क्लॅरिनेटवाल्यांना जुनीच आहे.

आता ओठांबद्दल. एका दिवसात, दहा-पंधरा मिनिटांनी ओठांची ठेवण बिघडत नाही. बिघडते ती कुणी लक्ष न देता महिनोन्‌महिने दोन वाद्यं एकाच पद्धतीने दाबून वाजवली तर. क्लॅरिनेटची पकड घट्ट, हनुवटी ताणलेली. सॅक्सोफोनला ओठ सैल आणि माउथपीसचा कोन कमी तिरका लागतो. क्लॅरिनेटवाली मुलं सॅक्सोफोन चावतात, मग सूर चढा आणि आवाज चिमटलेला येतो. दालनात कुणी जाणकार असेल तर तो हमखास एक युक्ती करून दाखवेल. आल्टो सॅक्सोफोनचा नुसता माउथपीस फुंकायचा आणि पियानोवरचा ‘ए’ येतो का ते पाहायचं. क्लॅरिनेटचा माउथपीस बॅरलसकट (त्याच्या खालच्या आखूड तुकड्यासकट) फुंकला तर ‘एफ शार्प’ यायला हवा. हे दोन सूर लागोपाठ काढून बघितले की ओठांनी किती घट्ट आणि किती सैल व्हायचं ते मुलीला आपोआप कळतं.

पितळी वाद्यांच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळा. ट्रम्पेट किंवा हॉर्नमध्ये रीड नसते, ओठच थरथरवावे लागतात. सवय नसलेले ओठ थोड्या वेळात बधिर होतात. एकदा सकाळी मी मुलांना मोकळं सोडलं आणि एक मुलगी तासभर ट्रम्पेटवर रमली. दुपारी आमचं वादन होतं. तिचा खालचा ओठ सुजल्यासारखा झाला होता, रीडवर टिकतच नव्हता, आणि तिच्या वाट्याला आलेली चार मापांची एकल ओळ शेजारच्या मुलाला वाजवावी लागली. ती रडली. चूक माझी होती, मी वेळेचा विचार करायला हवा होता. तेव्हापासून माझा नियम असा, की आधी आपलं वादन, मग पितळी वाद्यं. लाकडी गटातली वाद्यं, म्हणजे सॅक्सोफोन, फ्लूट, ओबो वगैरे, आधी चालतील.

फ्लूटवर तिला पाच मिनिटांत गरगरेल. घाबरू नका, तिथे फुंकेला अडथळा फार कमी असतो आणि हवा भसाभस बाहेर जाते. ओबोवर याच्या उलट. दोन पात्यांच्या मधली फट इतकी बारीक, की फुंक संपत नाही, छातीत शिळी हवा साठते आणि श्वास घेण्याआधी ती सोडावी लागते. दोन्ही एकामागोमाग करून बघायला सांगा. क्लॅरिनेटचा दम या दोहोंच्या मधला आहे, हे तिच्या शरीराला कळेल.

पण त्या दालनात एकच वाद्य घ्यायला वेळ मिळणार असेल तर तिला बास क्लॅरिनेटकडे पाठवा. बोटं तीच, लिहिलेली सरगम तीच, फक्त सूर पूर्ण एक सप्तक खाली उमटतो. क्लॅरिनेटची उघडी भोकं लहान बोटांना झाकता येत नाहीत, इथे भोकांवर झाकणं असतात, त्यामुळे तो त्रास जातो. त्या बदल्यात पंजा ताणावा लागतो आणि करंगळीच्या कळा लांब वाटतात. आणि इथे दाबून चालत नाही. पकड आवळली की खालचा सूर मरतो आणि वरचा चिरकतो. घसा मोकळा, फुंक रुंद आणि गरम, हेच लागतं. शिक्षक वर्षभर ‘घसा मोकळा ठेव’ म्हणून कानीकपाळी ओरडतात, ते बास क्लॅरिनेट न बोलता शिकवतं.

माझ्या रांगेत एक मुलगा होता, तिसऱ्या क्लॅरिनेटला, म्हणजे सगळ्यांत खालचे सूर वाजवणाऱ्या गटात, कायम शेवटच्या खुर्चीत. कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू वाजवायचा. महोत्सवात त्याच्या हाती बास क्लॅरिनेट आलं. जमिनीवर टेकवायची दांडी लावून, खुर्चीच्या कडेवर बसून त्याने खर्जातला पहिला लांब सूर काढला. खुर्चीची फळी थरथरली. त्याने वाजवणं थांबवलं, फळीवर हात ठेवला आणि मग पुन्हा तोच सूर काढला. तो मुलगा बोलायचा फार कमी, पण त्या दिवशी परतीच्या प्रवासभर त्याच सुराबद्दल बोलत होता. त्याच्या क्लॅरिनेटचाही आवाज त्यानंतर दोन-तीन महिन्यांत मोठा झाला. खालच्या सुरांची ही ओढ नवी नाही. मोत्सार्टने १७९१ मध्ये क्लॅरिनेटचा कन्चेर्तो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) लिहिला तो क्लॅरिनेटवादक अंटोन श्टाडलरसाठी, आणि श्टाडलरचं वाद्य नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा चार अर्धस्वर खाली जायचं.

उलट, छोट्या ई-फ्लॅट क्लॅरिनेटची तिला भुरळ पडेल, दिसायला ते अगदी मुलांसाठी बनवल्यासारखं दिसतं. हातात घेऊन बघू दे, पण त्यावर रेंगाळू देऊ नका. ते वाद्य फार चंचल आहे, सूर जरा ढिला पडला की कणसूर लागतं, आणि ते सांभाळायला तयार कान लागतो.

दालनाव्यतिरिक्त महोत्सवाचा खरा ठेवा म्हणजे सामूहिक वादन, जिथे सगळ्या बँडमधली मुलं एकत्र बसतात. घरच्या बँडमध्ये पाच-सहा क्लॅरिनेट असतील, तिथे तीस-चाळीस एकदम. व्हायोलिन ऑर्केस्ट्रात जे काम करतात ते विंड बँडमध्ये क्लॅरिनेटकडे असतं, हे वाचून कळत नाही, त्या गर्दीत बसल्यावर कळतं. सूर जुळवण्यासाठी बहुधा बी-फ्लॅट देतात, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यांनी बोटांनी ‘सी’ वाजवायचा. चाळीस जणांचा तो एक सूर हळूहळू एकमेकांत विरघळतो, त्यातली लहर थांबते, तेव्हा मुलं नकळत माना वर करून बघतात. तुमची लेक तिसऱ्या क्लॅरिनेटला असेल आणि त्याचं तिला वाईट वाटत असेल, तर तिथे मुद्दाम तिसऱ्यांत बसू द्या. त्यांच्या खालच्या सुरांशिवाय बँड कसा कोरडा पडतो हे तालमीत एकदा तरी ऐकायला मिळतंच.

पहिल्या खेपेला शक्यतो स्पर्धा नसलेला महोत्सव बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. बँडच्या जगात स्पर्धांची परंपरा मोठी आहे. स्पेनमधल्या वालेन्सियाची बँड स्पर्धा १८८६ पासूनची, नेदरलँड्समधल्या केर्कराडेची जागतिक स्पर्धा १९५१ पासूनची आणि दर चार वर्षांनी भरणारी. ते सगळं पुढे आहेच. ११ वर्षांच्या मुलीला गुणांपेक्षा परीक्षकाने वादनानंतर शेजारी उभं राहून सांगितलेली दोन वाक्यं जास्त उपयोगी पडतात.

बरोबर काय द्यायचं ते भराभर सांगते. स्वतःच्या चार चांगल्या रीड, कारण एक नक्की तुटते. कॉर्कसाठी ग्रीस, आत पुसायचं फडकं, पेन्सिल. वादन उघड्यावर असेल तर कपड्यांचे चिमटे, नाहीतर स्वरलिपीचे कागद वाऱ्याने उडतील. क्लॅरिनेट लाकडी असेल तर थंड हवेत एकदम जोरात फुंकायचं नाही, तडा जाऊ शकतो. आधी हातांनी ऊब द्यायची. वाद्य थंड असताना सूर उतरलेला असतो आणि गरम झालं की चढतो, म्हणून जुळवणी दोनदा करायची. ढोल-ताशांच्या जागी बँडमध्ये जो तालवाद्यांचा ताफा असतो, त्याच्यापुढे किंवा ट्रम्पेटच्या तोंडाशी तिची जागा आली तर कानात बोळे हवेतच, याबाबत भीड ठेवू नका. दालनात प्रत्येक मुलानंतर माउथपीस पुसून निर्जंतुक करतात ना, हे आधी विचारा. एकाची रीड दुसऱ्याने तोंडात घ्यायची नाही, हे तिला बजावून ठेवा.

मन उडेल का, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की कधीकधी उडतं. माझ्याकडच्या दोन मुलांनी महोत्सवानंतर वाद्य बदललं. एक बासूनकडे, म्हणजे खर्जाच्या लांब लाकडी वाद्याकडे, गेला, एक हॉर्नकडे. दोघेही अजून वाजवतात. क्लॅरिनेटला चिकटून राहिले असते तर वाजवत राहिले असते की नाही, मला शंका आहे. बाकीची सगळी क्लॅरिनेटकडेच परत आली. तुमची लेक परतल्यावर लगेच काही ठरवायला लावू नका. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तरीही ती बास क्लॅरिनेटचं नाव काढत असेल, तर विकत घेण्याचा विचार आता नको. पुष्कळ बँडकडे एक बास क्लॅरिनेट पेटीत पडून असतं, कारण ते वाजवणारं कुणी नसतं. शिक्षकांना विचारून बघा. बास क्लॅरिनेटची रीड मिळाली नाही तर टेनर सॅक्सोफोनची त्यावर चालते.