सहा वर्षं चालू असलेली पॉलिसी आणि ‘मधुमेह लपवला’ म्हणून फेटाळलेला क्लेम

प्रश्न : माझे मालक निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. डिसेंबर 2018 मध्ये कोल्हापूरच्या शाखेतून आम्ही दोघांची तीन लाखांची आरोग्य पॉलिसी घेतली. डिसेंबर 2021 मध्ये ती पाच लाखांची केली. 2020 चा हप्ता बारा दिवस उशिरा भरला, बाकी खंड नाही. जून 2025 मध्ये मालकांच्या छातीत कळ आली. बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, बिल 4,36,000 रुपये. कॅशलेस नाकारलं, म्हणून दागिने गहाण ठेवून भरलं. मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं : दहा वर्षांचा मधुमेह लपवला, क्लेम नामंजूर. रात्री दाखल करताना मुलानं डॉक्टरांना ‘दहा-एक वर्षं शुगर आहे’ असं सांगितलं होतं. फॉर्म एजंटानं भरला, मालकांनी मराठीत सही केली. शुगरची गोळी आधीपासून चालू होती हे खरं आहे. एजंट म्हणतो, लढायचं तर कोल्हापूरला जावं लागेल. गावातल्या घराचाही बँकेच्या कर्जासोबत विमा आहे म्हणतात, पण कागद कधी पाहिला नाही. यंदा वेदगंगेचं पाणी अंगणापर्यंत आलं होतं. घराच्या बाबतीतही असंच होईल का?
— एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्स मी दोनदा वाचल्या. केस पेपरच्या पहिल्या पानावर, ब्लड प्रेशरच्या आकड्याखाली, घाईच्या अक्षरात ‘डीएम, दहा वर्षं’ एवढेच शब्द आहेत. डीएम म्हणजे मधुमेह. या एका ओळीवर कंपनीनं तुमचे साडेचार लाख अडवलेत. ‘दहा-एक’ मधला ‘एक’ कागदावर उतरलाच नाही. म्हणजे मुलाचा घाबरलेल्या अवस्थेतला अंदाज कंपनीच्या पत्रात पक्की तारीख होऊन बसला.

पण या ओळीवर वाद घालण्याआधी तुमची पॉलिसी किती जुनी आहे ते पाहू, कारण तुमची खरी ताकद तिथं आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग 60 महिने चालू राहिला, की ‘माहिती दिली नाही’ किंवा ‘चुकीची दिली’ या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. याला मोरॅटोरियम म्हणतात. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, ती पाचवर आणली. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. तुमचे 60 महिने डिसेंबर 2023 मध्येच पूर्ण झाले आणि मालक दाखल झाले जून 2025 मध्ये. बारा दिवसांच्या उशिराची काळजी सोडा. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, त्या मुदतीत भरला तर पॉलिसी सलगच धरतात.

कंपनीच्या पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द कुठंच नाही, फक्त ‘माहिती दडवली’ असं आहे. उद्या त्यांनी तो शब्द घातला, तरी फसवणूक सिद्ध करायची जबाबदारी त्यांचीच. ती नोंद कुणी, कुणाच्या सांगण्यावरून केली, 2018 च्या आधीची औषधाची चिठ्ठी कुठं आहे, हे त्यांना दाखवावं लागेल. केस पेपरवरची नुसती ओळ एवढ्याला पुरत नाही, असं ग्राहक आयोगांनी वारंवार धरलंय.

आता नावडती गोष्ट. मोरॅटोरियम पहिल्या पॉलिसीच्या रकमेपुरता असतो. वाढवलेल्या रकमेचे 60 महिने वाढवल्या तारखेपासून वेगळे मोजतात. म्हणजे तुमचे पहिले तीन लाख भक्कम आहेत, पण 2021 मध्ये वाढवलेल्या दोन लाखांना तो आधार डिसेंबर 2026 पर्यंत नाही. बिलातले वरचे 1,36,000 रुपये भांडून मिळवावे लागतील आणि तिथं गोळीचा प्रश्न येणारच. मेडिक्लेम घेताना गंभीर आजार सांगितला नाही म्हणून क्लेम नाकारणं योग्य, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल आहे. ‘लपवलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नव्हता’ म्हणून विमेदाराच्या बाजूनं लागलेला 2015 चा निकालही तुम्हाला कुणीतरी पाठवेल. तो तुमच्या उपयोगाचा नाही. तिथं मणक्याचं दुखणं आणि हृदयविकार असा मामला होता. शुगर आणि हृदय यांचा संबंध मात्र कोणताही डॉक्टर सांगेल.

म्हणून कळकळीनं सांगतो, ‘शुगर नव्हतीच’ असं कुठल्याही कागदावर लिहू नका. कुणी शपथपत्र तयार करून दिलं तरी मालकांना सही करू देऊ नका. गोळी होती हे खरं आहे, तर खरंच सांगा. सोबत हेही सांगा की एजंटानं जन्मतारीख आणि वारसाचं नाव एवढंच विचारलं, फॉर्म इंग्रजीत होता आणि वाचून दाखवला नाही. कोऱ्या फॉर्मवर सही केली ही सबब एकटी टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण फॉर्म दुसऱ्यानं भरला असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचं प्रमाणपत्र त्यावर घ्यायचं असतं. तुमच्या फॉर्मवर ती जागा कोरी असेल किंवा तिथं एजंटाचीच इंग्रजी सही असेल, तर मुद्दा तुमच्या बाजूनं वजनदार होतो. भरलेल्या प्रपोजल फॉर्मची नक्कल कंपनीकडून विनामूल्य मागा. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी स्वतःच्या सहीचा हा कागद कधी पाहिलेला नसतो.

कोल्हापूरला जावं लागेल हे एजंटाचं म्हणणं चूक आहे. आपल्या सीमाभागात हा घोळ घरोघरी दिसतो. पॉलिसी कोल्हापूरची, दवाखाना बेळगावचा, घर निपाणीचं. मग माणूस दमतो आणि सोडून देतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो बेळगावचा. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि हे पाच लाख क्लेमचे नव्हे, भरलेल्या हप्त्यांचे मोजतात. विमा लोकपाल म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. त्यांच्याकडेही तुमच्या राहत्या पत्त्यावरून बेंगळुरूला किंवा शाखेच्या पत्त्यावरून पुण्याला अर्ज चालतो.

माझा सल्ला : आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. रजिस्टर पोस्टानं आणि ई-मेलनं, दोन्हीकडून. तीन गोष्टी विचारा. 60 महिने उलटल्यावर कोणत्या अटीखाली नाकारलं? नाकारण्याला कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का? ती नियमानं लागते. आणि फसवणुकीचा पुरावा काय? महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर एक वर्षाच्या आत लोकपाल. तिथं फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल, तर आयोगाची वाट. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. नकाराच्या पत्रापासून दोन वर्षांत आयोगात जायची मुदत मात्र चालूच राहते. पाकिटावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा.

लोकपालांकडे तीन लाखांचा मुद्दा इतका स्वच्छ आहे की मी तिथूनच सुरुवात केली असती. बाकी 1,36,000 त्याच अर्जात मागा. उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’हून 2 टक्के जास्त व्याजही मागा. दागिन्यांवरचं व्याज तुम्ही भरताय. पैसे कापून द्यायला तयार झाले, तर खोलीभाड्याच्या मर्यादेचं कलम पाहा. महागडी खोली घेतली म्हणून प्रमाणात कपात करतात, पण ती औषधं, तपासण्या आणि स्टेंट यांना लावता येत नाही. तुमच्या बिलात मोठा आकडा स्टेंटचाच आहे.

भाषेचं म्हणाल, तर सरकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार मराठीत लिहायची मुभा राज्यघटनेच्या कलम 350 नं प्रत्येकाला दिलीय. तरी व्यवहार म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर जोडा, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली अर्ज पडून राहत नाही. आणि पॉलिसीची थोडक्यात माहिती देणारं जे पत्रक मिळतं, ते आपल्या भाषेत मागता येतं. पुढच्या नूतनीकरणाला मागा. त्याच वेळी शुगर लेखी कळवून टाका.

आता घर. आधी बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत घ्या आणि विमा कशाचा आहे ते पाहा. बऱ्याचदा कर्जासोबत असतो तो कर्जदाराच्या जिवाचा विमा. तो असेल, तर भिंत पडली तरी एक रुपया मिळत नाही. घराचाच असेल आणि एप्रिल 2021 पासून सुरू झालेली ‘भारत गृह रक्षा’ असेल, तर महापूर, वादळ, वीज, भूस्खलन यांचं संरक्षण त्यात आहे. जागेची किंमत धरत नाहीत, बांधकामाचा खर्च धरतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचं, संरक्षण आपोआप मिळतं. रक्कम थोडी कमी लावली गेली म्हणून भरपाई प्रमाणात कापण्याची जुनी पद्धत या पॉलिसीत नाही. बँकेचं कर्ज फिटलं की पॉलिसीही संपलेली असू शकते, मुदत तपासा.

2019 च्या ऑगस्टात पाणी ओसरल्यावर आपल्या बायकांनी चिखल उपसून दोन दिवसांत घरं लख्ख केली, आणि सर्व्हेअर आला तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. पाणी घरात शिरलंच, तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, तलाठ्यांच्या पंचनाम्याची नक्कल घ्या, आणि भिंतीवर पाण्याची रेघ उमटते तिथं मोजपट्टी लावून फोटो काढा. फोटो होईपर्यंत ती रेघ पुसू नका.