एका लाकडी पेटीचा हिशोब

प्रश्न : १९९३ साली 'डूम' हा व्हिडिओ गेम मूठभर लोकांनी बनवला. आता तयार इंजिनं (गेम ज्यावर चालतो तो सॉफ्टवेअरचा सांगाडा) मिळतात, सॉफ्टवेअर सोपी झालीत. तरी एका गेमला शेकडो माणसं नि कोट्यवधी डॉलर कशाला? उधळपट्टीच ना?

उत्तर : उधळपट्टीही असते. पण आधी पेटी बघा.

मी वीस वर्षं गेममधल्या वस्तू बनवतोय : पिंपं, खुर्च्या, पेट्या. सुरुवातीला पेटी म्हणजे सहा बाजू नि त्यांवर चिकटवलेलं फळ्यांचं एक चित्र. सकाळी घेतली की जेवणाच्या सुट्टीआधी गेममध्ये. आता आधी लाखो पॉलिगॉनचं, म्हणजे बारीक सपाट तुकड्यांचं मॉडेल घडवायचं, लाकडाच्या शिरा नि वाकलेल्या खिळ्यासकट. मग तिचीच हलकी आवृत्ती करून तो सगळा तपशील नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, बेक करायचा (उतरवायचा). खडबडीतपणाचा मॅप वेगळा, धातूचा वेगळा. लांबून दिसायला आणखी हलक्या आवृत्त्या. पेटी फुटणार असेल तर फळ्या सुट्या. मग साउंडवाला विचारतो, आत काय आहे? रिकामी नि भरलेली पेटी फुटताना वेगळी वाजते. आठवडा संपला! एकदा मी गोदामाची अख्खी खोली अशी भरली, चाळीसेक वस्तूंनी. नंतर डिझायनरने ती खोलीच कापली.

सॉफ्टवेअर सोपी झाली हे खरं. पण वाचलेल्या वेळात आम्ही लवकर घरी गेलो नाही, पेटीवर आणखी ओरखडे काढले.

आता पैसा. खर्च बहुतांशी पगारांचा, म्हणजे माणसं गुणिले महिने. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीच्या खरेदीच्या खटल्यात सोनीचे कागद कोर्टात गेले. आकड्यांवर काळा मार्कर फिरवलेला, पण स्कॅनमध्ये खालचं वाचता येत होतं! सोनीच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेमसाठी ऐन भरात सुमारे २०० पूर्णवेळ माणसं, खर्च २२ कोटी डॉलर. एवढ्या टीममध्ये तारीख महिनाभर पुढे गेली की दोनशे पगार वाढले. शिवाय सहा जणांत बोलणाऱ्या जोड्या १५, दोनशे जणांत १९,९००. मीटिंगा उगाच वाढत नाहीत.

एकट्याने होतं का? होतं. एरिक बॅरोनने 'स्टारड्यू व्हॅली'ची चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः केलं. साडेचार वर्षं लागली, गेम २०१६मध्ये आला. तिथली पेटी १६ पिक्सेल रुंद आहे, आणि ती उघडताना खिळे कुठे गेले, असं मला एकदाही वाटलं नाही.