बेळगावच्या बाजारात खात हिंडायचंय, गाइड घ्यावा का?

पुण्याहून सासू-सासऱ्यांना घेऊन एका दिवसासाठी बेळगावला येताय आणि खडेबाजार, गणपत गल्लीत खात फिरायला गाइड घ्यावा की आपापलं हिंडावं, असं तुम्ही विचारलंय. मी पंधराएक वर्षं पाहुण्यांना या गल्ल्यांतून फिरवतोय, म्हणून सांगतो.

घ्या की, पण आधी एकच विचारा: पहिल्यांदा काय खायला घालणार? 'कुंदा', म्हणजे इथली दुधाची गोड मिठाई, म्हणाला तर तिथूनच राम राम करा. ही चूक मी स्वतः केलीय. मेव्हण्याला सकाळी दहालाच पावशेर कुंदा खिलवला. पुढे दुपारपर्यंत गडी नुसतं पाणी पीत फिरला.

सकाळी गणपत गल्लीत जा. खेड्यांतून आलेल्या बायका भाजी घेऊन बसलेल्या असतात. विकत काही घेऊ नका, नुसतं बघा. तिथून मिरचीच्या दुकानात. संकेश्वरी आणि ब्याडगी शेजारी शेजारी ठेवून दाखवायला सांगा. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला भारी, तिखटाला मवाळ. सासूबाई इथे अर्धा तास रमणार, धरून चाला. मग खानावळीत जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी. 'साकु' हा एक कन्नड शब्द तेवढा पाठ करा, म्हणजे 'पुरे'. नाहीतर वाढपी थांबत नाही! बाकी दुकानदार मराठीच बोलतात, "चाखून बघा की" म्हणत हातावर ठेवतात.

कुंदा त्यानंतर, आणि चमचाभरच. दूध आटवून, साखर करपवून केलेला, म्हणून तपकिरी. जिभेवर रवाळ लागला पाहिजे. नुसता गुळगुळीत लागला तर पुढच्या दुकानात चला.

खरी गंमत मांड्यांची. मिठाईच्या दुकानात रचलेले दिसतील, पण करताना बघायला मिळाले तर बाकी सगळं सोडा. बाई मऊ कणकेची पारी हातांवर झुलवत झुलवत वाढवते, इतकी की पलीकडचं दिसावं, आणि पालथ्या भांड्यावर अलगद सोडते. वर साखर, खसखस, मग घडी. गाइडला आदल्या दिवशीच विचारून ठेवायला सांगा, नाहीतर मनातलेच मांडे खायचे.

घरी न्यायला गोकाकचा करदंट सगळ्यात सोपा. गूळ, डिंक, सुकामेवा, टिकतो. कन्नडमध्ये 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक, नाव त्यावरूनच. कुंदा निघताना घ्या. मांडे मात्र डिकीत टाकू नका, मांडीवर धरा. माझ्या बहिणीनं डिकीत ठेवले होते. तवंदी घाट उतरून निपाणीत चहाला थांबलो, डबा उघडला तर सगळा चुरा. दुधात घालून खाल्ला शेवटी. तोही बरा लागतो.