प्रेसबिटरीच्या सभासदांमध्ये भरवसा आणि आपलेपणा कसा निर्माण करावा?

तुम्ही लिहिलंय की तुमची नुकतीच प्रेसबिटरीच्या, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) एकत्रित सभेच्या, चिटणीसपदी निवड झाली आहे. सभेला माणसं येतात, हात वर करतात, घाईने निघतात आणि खरी चर्चा होते ती बाहेर, गाड्यांपाशी. मी हे काम अकरा वर्षं केलं. त्यातली पहिली सहा वर्षं चुकीच्या पद्धतीने केलं, तेव्हा माझं उत्तर त्या बेताने घ्या.

चूक कशी लक्षात आली ते सांगतो. एका लहानशा मंडळीत मी सहज उपासनेला गेलो होतो. दारातच एका आजींनी विचारलं, "आता कुणाला काढायला आलात?" मी हसण्यावारी नेलं, पण घरी आल्यावर जुनी इतिवृत्तं काढून बसलो. सहा वर्षांत आम्ही मंडळ्यांना ज्या ज्या भेटी दिल्या, त्या जवळपास सगळ्या चौकशीसाठी, बदलीसाठी किंवा हिशेबासाठी होत्या. आनंदाच्या प्रसंगी आम्ही पत्र पाठवायचो आणि भांडण झालं की स्वतः जायचो. मग लोकांनी आम्हाला पाहून दुसरं काय समजायचं?

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. वर्षातून एकदा प्रत्येक मंडळीत एक पाळक (धर्मगुरू) आणि एक वडील (मंडळीने निवडलेला पुढारी) अशी जोडी जायची, दोघे वेगवेगळ्या मंडळ्यांमधले. उपदेश करायचा नाही, नोंदवही मागायची नाही, लेखी अहवालही द्यायचा नाही. बसायचं, ऐकायचं आणि पुढच्या सभेत त्या मंडळीसाठी प्रार्थनेचा एक विषय सांगायचा. पहिल्या वर्षी सगळीकडे संशय. "ते ठीक आहे, पण खरं काम काय?" असं एका पाळकांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या वर्षी त्यांनीच मला फोन केला की आमच्या वडीलमंडळात काहीतरी शिजतंय, फुटायच्या आत या. आमच्याकडे कोणी आपणहून आल्याची ही पहिलीच वेळ होती.

यात नवं काही नाही. स्कॉटलंडमध्ये १५६० नंतर आसपासचे पाळक नेमाने एकत्र जमत. एकाने शास्त्रभाग उलगडायचा, दुसऱ्याने भर घालायची, मग बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. याला ते 'एक्सरसाइज' म्हणत. १५७९ मध्ये तिथल्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, जनरल असेंब्लीने, या बैठकीलाच प्रेसबिटरी समजावं असं म्हटलं. म्हणजे आपली ही सभा वाचनाच्या बैठकीतून वाढली, कचेरी ती नंतर झाली. आपण कचेरी सांभाळली आणि वाचन प्रारंभीच्या पाच मिनिटांच्या भक्तीत उरकून टाकलं. तुम्ही पहिला तास परत मिळवा. चिठ्ठ्या टाकून पाच-सहा जणांचे गट करा आणि एकच शास्त्रभाग सगळ्यांना द्या. गटात पाळकांनी शेवटी बोलायचं, हा नियम मात्र कडक पाळा. नाहीतर गटागटांत उपदेश सुरू होतात!

वडिलांबद्दल मुद्दाम सांगतो. नियमाप्रमाणे सभेत त्यांचं मत पाळकांच्या मताइतकंच असतं. प्रत्यक्षात पाळक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात आणि वडील दर खेपेला नवे येतात. बिचारे मतदानाच्या वेळी आपल्या पाळकाच्या हाताकडे बघतात. मंडळ्यांना विनंती करून एकच प्रतिनिधी निदान तीन वर्षं पाठवायला सांगा, आणि सभेच्या आधी नवख्यांना विषयपत्रिका समजावून द्या.

पैशांच्या बाबतीत बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पुन्हा वाचा. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती. मग जे सात जण निवडले, त्यांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. अर्थसमितीत तक्रार करणाऱ्या मंडळीचा माणूस घ्यायला आमच्याकडे मोठा विरोध झाला. तो आला, दोन सभा खूप प्रश्न विचारले आणि तिसऱ्या सभेत तोच इतरांना हिशेब समजावून देत होता.

'समितीकडे सोपवले' हे शब्द जपून वापरा. आपल्याकडे त्याचा अर्थ 'पुरून टाकले' असा होतो. मी एक वही ठेवली होती: विषय, कोणाकडे, कोणत्या सभेत उत्तर. ती प्रत्येक सभेत मोठ्याने वाचायचो. पहिल्या खेपेला सतरा विषय निघाले, दोन समित्यांचे तर निमंत्रकच उरले नव्हते.

काही जण तुम्हाला सहमतीने निर्णय घेण्याची पद्धत सुचवतील. ऑस्ट्रेलियातल्या युनायटिंग चर्चने ती रुजवली. मत अनुकूल असेल तर नारिंगी कार्ड दाखवायचं, नसेल तर निळं. पद्धत चांगली आहे. पण जिथे माणसं एकमेकांना घाबरतात, तिथे निळं कार्ड कोणी दाखवलं याचीच नोंद ठेवली जाते. म्हणून ती घाईने आणू नका.

आपल्या बोलण्यात विश्वास हा शब्द देवासाठी इतका वापरला जातो की शेजारी बसलेल्या माणसाचा भरवसा ही वेगळी कमाई आहे हे आपण विसरतो. 'आपण सगळे विश्वासी आहोत' असं म्हणून सभापती वाद मिटवू लागले, तर तुम्ही हळूच पुढचा प्रश्न विचारा: नेमकं काय झालं, आणि कोणाला लागलं?

आणि गाड्यांपाशी होणारी चर्चा बंद करायला जाऊ नका. मी सभा संपल्यावर वह्या आवरायचं काम सहायकाकडे दिलं आणि तिथे जाऊन उभा राहू लागलो. सुरुवातीला मला पाहून विषय बदलायचा. साधारण दीड वर्षाने बदलेनासा झाला.